रघूचा ताजमहाल

तीस वर्षं रघूनं भिवंडीचं कापड ट्रकनं आग्र्याला पोचवलं. खेपेहून परतला की धामणकर नाक्यावर ताजमहालाचं असं रसाळ वर्णन करायचा, की दोस्त पंढरीचा चहा हातातच निवायचा.

शेवटी पंढरीनं नवी गाडी घेतली. "चल रघू, आग्रा रोडनंच जाऊ. तुझा ताज बघायचा हाय मला."

वाटेतला ढाबा न् ढाबा रघूला ओळखत होता. आग्र्यात शिरल्यावर तर कुणालाही न विचारता त्यानं गाडी थेट नेऊन उभी केली, ती कापडाच्या गोदामासमोर.

"सवय रे!" रघू हसला.

"बरं, आता ताजला चल."

 

रघूनं काच खाली केली आणि पंढरीची नजर चुकवत रिक्षावाल्याला विचारलं, "भैया, ये ताजमहल किधर पडता है?"