न फुटणारं क्वार्टर

प्रशील भुसावळला घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी मोबाइल गेमच्या लेव्हल बांधायचा. वडील गेल्यावर दीपनगर वीज केंद्राच्या कॉलनीतलं क्वार्टर सोडावं लागलं होतं. ती अख्खी रांग पाडल्याचं कळलं, तेव्हा त्याने नव्या लेव्हलमध्ये हुबेहूब तीच रांग उभी केली. उड्या मारत जाणारा खेळाडू तिथली प्रत्येक वीट डोक्याने धडक देऊन फोडू शकत होता. फक्त त्यांच्या घराचे ठोकळे त्याने न फुटणारे ठेवले.

दुपारी जेवणं झाल्यावर त्याने आईच्या हातात फोन दिला. चार-पाच वेळा खड्ड्यात पडत मंदाबाईंनी तो छोटा माणूस कसाबसा घरापर्यंत आणला आणि भिंतीवर एक धडक देऊन पाहिली.

“हे फुटत नाही रे.”

“नाहीच फुटणार आई. कोणी कितीही आपटलं तरी.”

मंदाबाई हसल्या. त्यांनी त्या माणसाला दाराशी नेऊन उभं केलं आणि बोट उचललं.

“पुढे चल ना आई. वर घड्याळ बघ, वेळ संपत आलाय.”

“थांब जरा. चारला पाळी सुटते तुझ्या बाबांची. घरी आल्यावर दारात कोणी दिसलं नाही, तर करमत नाही त्यांना.”

वेळ संपला. लेव्हल पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. मंदाबाई परत त्या दाराकडे चालू लागल्या.

प्रशीलने लॅपटॉप उघडला आणि त्या लेव्हलमधलं घड्याळ काढून टाकलं.