आंब्याला गुंडाळलेलं गोणपाट

पारीचा कोयता आंब्याच्या बुंध्याभोवती फिरत होता. साल पट्टीपट्टीने निघत होती आणि आतलं लाकूड उघडं पडत होतं, पांढरं, ओलसर. मैना चहा घेऊन आली. कप खाली ठेवता ठेवता ती हळूच म्हणाली, "मागल्या बाजूची थोडी ठेवशील का गो?"

पारीने मान वर केली नाही. चार पावलांवर मैनेचे यजमान हैबतराव हात मागे बांधून उभे होते. मजुरीवर आलेली बाई मालकासमोर काय बोलणार?

आंबा घराच्या आड येत होता. त्यांचा मुलगा शिवा रोह्याला कंपनीत होता. त्याला स्लॅबचं घर बांधायचं होतं आणि जोतं नेमकं आंब्यावर येत होतं. हिरवं झाड तोडायचं तर परवानग्या काढा, वाळलेल्याला कोण विचारतो, असं त्याचं म्हणणं. हैबतरावांनी मान डोलावली. आणि त्यांची मान एकदा डोलली की ब्रह्मदेव आला तरी मागे फिरत नसे.

संध्याकाळी जेवताना शिवाने समजावून सांगितलं. पानं लगेच सुकणार नाहीत. मुळांनी ओढलेलं पाणी आतल्या लाकडातून वर चढतं, ते चढतच राहील. पण पानं जे अन्न करतात ते सालीतून खाली उतरतं. साल गेली की ती वाट बंद. आधी मुळं उपाशी मरतील, मग झाड. शाळेत शास्त्रात त्याला चांगले मार्क असायचे.

मैनेने हातातला घास ताटात ठेवला. हैबतराव पाय मोडून अंथरुणाला खिळले होते, तो उन्हाळा तिला आठवला. याच आंब्याच्या कैऱ्या टोपलीत भरून ती रोह्याच्या बाजारात बसायची. तेव्हा चूल पेटती ठेवली ती या झाडाने. ज्याने जेवू घातलं त्यालाच उपाशी मारणार का, असं तिने सरळ विचारलं. हैबतरावांनी ताटात हात धुतले आणि ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी मैना रुसून माहेरी गेली, धरमतरला. त्याच दिवशी हैबतरावांनी पेणची एस.टी. पकडली. गणपतीची मूर्ती सांगून येतो म्हणाले. शिमगा नुकता कुठे सरला होता, गणपतीला अजून पाच-सहा महिने होते. शेजारणीने नंतर हे सांगितलं तेव्हा मैनेने मनात म्हटलं, लाज वाटली की माणूस देवाच्या आडसुद्धा लपतो.

ती परतली तेव्हा बुंध्याला गोणपाट गुंडाळलेलं होतं. उघडं राहिलं तर साल पुन्हा धरते, असं हैबतराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. शेतावरून आले की ते पायही आता तिथेच धुवायचे, बादलीभर पाणी ओतून. घरातली मोरी काय वाईट होती, कोण जाणे. रोज सकाळी झाडासमोर उभे राहायचे आणि कुरकुरायचे, "अजून वाळत नाय."

ते ऐकून मैनेच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पावसाळाभर ती त्यांच्याशी धड बोलली नाही. जे सांगायचं ते म्हशीला सांगायची, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

दिवाळी झाली, पानं हिरवीच. मग तांबूस पालवी फुटली, मोहर आला. सिमेंट येऊन पडलं होतं आणि शिवाला शिफ्टमधून सारखं यायला जमत नव्हतं. शेवटी कंटाळून त्याने जोतं विहिरीच्या बाजूला सरकवलं. आंबा वाचला.

मैनेला गुपित ठाऊक होतं. पारीने मागली पट्टी ठेवली होती. गोणपाटाखाली एक वाट चालू होती.

वैशाखात पहिले आंबे पिकले. दोन देवापुढे ठेवून बाकीची टोपली तिने डोक्यावर घेतली आणि ती नदीकडच्या वाडीवर गेली. पारी अंगणात सरपण मोडत होती. वाटेत मनाशी जुळवलेलं सगळं मैना एका दमात बोलून गेली. तुझे उपकार, तुझी हिंमत, तुझ्या लेकराबाळांचं भलं होवो. पारीने सगळं ऐकून घेतलं. दोन आंबे उचलले आणि टोपली परत मैनेकडे सरकवली.

"चुकीच्या दारात आलीस, बाय. मी काय नाय ठेवली. मालक समोर उभं, मी गोल सगळी काढली."

मग झाड जगलं कसं, मैनेने विचारलं.

पारीने हातातली काटकी वाकवून दाखवली. मालक पेणला गेले होते ते कलमवाल्याकडे. परत आल्यावर त्यांनी तिला बोलावलं. काढलीस ती माझ्या सांगण्यावरून, आता जोडायला माझ्यासंगं हात लाव, म्हणाले. आंब्याच्याच कोवळ्या काड्या कापल्या. एक टोक वरच्या सालीत खोचलं, दुसरं खालच्या सालीत, उघड्या लाकडावरून पूल घातल्यासारखं. बुंध्याभोवती अशा कितीतरी काड्या. त्यांवर माती, मातीवर गोणपाट. पोराला शब्द दिलाय, म्हणून कोणाकडे बोलायचं नाही, एवढं बजावलं.

मैना टोपलीजवळ बसली. म्हशीला सांगितलेलं एकेक आठवून तिला हसू येत होतं, आणि डोळेही भरत होते.

"पावसाळाभर शेतावर जाताना माझ्या दारात थांबायचे," पारी म्हणाली. "पानं हिरवी दिसत व्हती, पर त्यांना धीर नव्हता. रोज एकच इचारायचे, ‘पारे, मुळाला घास पोचत असंल ना गो?’"