बारा मीटर मागे

"मागे घे," होरिया तुदोरच्या कानाशी म्हणाला.

तुदोरने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. समोर ओंडक्यांनी भरलेला ट्रक गल्लीभर आडवा उभा होता आणि ड्रायव्हरचा पत्ता नव्हता. पुलावर गर्दी असेल, असं म्हणून होरियानेच या गल्लीत वळायला सांगितलं होतं. बसमध्ये अठरा खेळाडू होते. सामना सुरू व्हायला पन्नास मिनिटं राहिली होती.

खेळाडू आत असताना बस मागे घ्यायची नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण काळ्या दगडावरची रेघ आहे. बस मागे गेली की संघही मागे जातो. वालेनी गावच्या फुटबॉल क्लबची बस तुदोर सव्वीस वर्षं चालवत होता, आणि इतक्या वर्षांत ती वीतभरही मागे गेली नव्हती. परगावच्या मैदानात शिरण्याआधी तो बाहेर पडायची वाट हेरून ठेवी. पेन्शनला आता दोनच वर्षं उरली होती.

"पोरांना खाली उतरवतो," तो म्हणाला. "रिकामी गाडी मागे घ्यायला कोणाची ना नाही."

"बाहेर चिखल बघ. पाय गारठवून खेळवू त्यांना? वेळ नाही, तुदोर."

"हे तू सांगतोस? तू?"

तुदोरचं तरी काय चुकलं? चौदा हंगाम होरिया बचावफळीच्या मधोमध भिंतीसारखा उभा राहिला होता. नाक दोनदा मोडलं, पण मैदान सोडलं नाही. त्या काळात हंगामाअखेरचा मे महिना उजाडला की क्लब आपसांत सामने वाटून घेत: यंदा तू जिंक, पुढच्या वर्षी मी. असले सौदेवाले होरियाच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. कप्तान असताना, एक पाऊल मागे जायला नको म्हणून त्यानेच एकदा चाळीस किलोमीटरचा वळसा घ्यायला लावला होता. खेळणं सुटल्यावर तो क्लबचा संचालक झाला. भाड्याची नवी बस घेऊन म्हाताऱ्याला घरी बसवायचं मालकांनी ठरवलं, तेव्हा "तुदोर गेला तर मीही जातो" असं तो तोंडावर म्हणाला होता. तुदोरच्या लेखी देव एक पायरी वर, त्याखाली होरिया.

"माझ्यासाठी घे," होरिया म्हणाला आणि त्याने खांद्यावर हात ठेवला.

तुदोरने छातीवर क्रूस काढला आणि गिअर टाकला. बस बारा मीटर मागे गेली. मागच्या बाकांवरची बडबड एकदम थांबली.

"काका, काय केलंत हे!" गोलरक्षक ओरडला.

"झालं," दुसरा कोणी म्हणाला. "आता तिथे आंघोळ करायची आणि घरी यायचं."

वरच्या विभागात जायला बरोबरी पुरली असती. वालेनी तीन-शून्य हरलं. तिन्ही वेळा बचावपटू लग्नातल्या पाहुण्यांसारखे बाजूला उभे राहून बघत होते. प्रतिस्पर्धी दुम्ब्रावाचा क्लब वर गेला.

गावाने खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचं ते त्याच संध्याकाळी ठरवलं. तुदोरच्या फाटकावर कोणीतरी डांबराने लिहिलं: 'अजून मागे जा.' बेकरीतली बाई त्याच्या मागच्याला आधी पाव देऊ लागली. चर्चमध्ये त्याच्या आजूबाजूची जागा रिकामी राही. बायको औरिकाने तर घराबाहेर पडणंच सोडलं. आपण याच लायकीचे आहोत, असं तुदोरला मनापासून वाटत होतं. होरिया मात्र दर रविवारी येई, शेजारी बसे, प्लमच्या दारूचा एक पेला घेई आणि जाई. मागे घ्यायला कोणी सांगितलं, हे तुदोरने बायकोलाही कळू दिलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात मालक ग्रोझा परदेशातून परतले आणि त्यांनी सगळ्यांना बोलावलं. टेबलावर सामन्याची चित्रफीत होती. तिघे बचावपटू मान खाली घालून भिंतीशी उभे होते.

"मला काय दूधखुळा समजता?" ग्रोझा गरजले. "असे गोल होत नाहीत, ते विकले जातात. ही फीत उद्या सरकारी वकिलाकडे जाणार."

मग होरिया सावकाश म्हणाला, "साहेब, त्या दिवशी बस मागे घ्यायला..." आणि थांबला. त्याने तुदोरकडे पाहिलं.

तुदोरला वाटलं, हा माणूस आपल्यासाठी स्वतःला बुडवायला निघालाय.

"कोणी सांगितलं नाही," तो पुढे होऊन म्हणाला. "मीच माझ्या मनाने घेतली. पोरांचे पाय तिथेच गळाले, साहेब. त्यांच्यावर आळ घेऊ नका."

ग्रोझा दर हंगामाआधी पाद्रीबुवांकडून गोलच्या खांबांवर पवित्र पाणी शिंपडून घेत. त्यांचा चेहरा उतरला.

"पोरं आत असताना?"

"आत असताना."

"शपथ घे."

भिंतीवरच्या संताच्या तसबिरीवर हात ठेवून तुदोरने शपथ घेतली. मग ग्रोझांनी फीत खणात टाकली.

"चालता हो," ते म्हणाले. "या क्लबमधून एक दिवसाचंही पेन्शन मिळणार नाही तुला."

बाहेर व्हरांड्यात होरियाने तुदोरला कवटाळलं.

"तू वाचलास," तुदोर रडत म्हणाला. "पोरं वाचली. माझं काय, मी जगेन कसाही."

होरियाने त्याची कॉलर नीट केली.

"सौदा ठरताना दुम्ब्रावाच्या लोकांना धाकधूक होती रे," तो हळूच म्हणाला. "म्हणत होते, जीव गेला तरी तो म्हातारा बस मागे घेणार नाही. मी म्हटलं, मी सांगितलं की घेईल."