सम तारखेच्या शेवया

आमच्या किनमेन बेटावर शेवया रोज वाळतात, पण सासूबाई वाळत घालतात त्या फक्त सम तारखेला. त्यांच्या तरुणपणी समोरच्या किनाऱ्यावरून चीनचे तोफगोळे यायचे ते विषम तारखेला, सम तारखेला तोफा गप्प. वीस वर्षं हाच नेम होता.

"आई, तोफा बंद होऊन पंचेचाळीस वर्षं झाली," मी दर विषम तारखेला कावून सांगते. "लख्ख ऊन वाया चाललंय. गिऱ्हाइकाला काय सांगू, तारीख बघून जेवा म्हणून?"

"तू नंतरची. तुला काय ठाऊक," म्हणत त्या पीठ झाकून ठेवतात.

परवा बावीस तारखेला अंगणात बांबूंवर शेवया टांगल्या होत्या. पलीकडून एक ड्रोन आलं आणि आमच्या डोक्यावर घिरट्या घालत राहिलं. मी गावच्या कार्यालयात फोन लावला.

"युद्धबिद्ध काही नाही ताई, घाबरू नका," तिथला माणूस म्हणाला. "फक्त घराबाहेर पडू नका."

"कधीपर्यंत?"

"ते कसं सांगणार? हल्ली कधीही येतात."

सासूबाई शेजारीच उभ्या राहून ऐकत होत्या.

आज कडक ऊन पडलंय आणि त्या अंगणातले बांबू उचलून आत नेऊन ठेवतायत. मी म्हटलं, "आई, अहो आज चोवीस. सम आहे."



"तेव्हाचे मेले निदान एक दिवसाआड तरी जगू द्यायचे," त्या म्हणाल्या.