टायमरवरचा फोटो

"कॅमेरा बिघडलाय तुमचा. मी पुसट येतो आणि मागचं कॅलेंडर लख्ख," सोमणकाका दुकानदारावर वैतागले.

त्याने फोटो पाहिले. "टायमर लावता ना, काका? बटण दाबताना समोर जे असेल त्यावरच फोकस बसतो. तेव्हा तुमच्या जागी कुणाला तरी बसवत जा."

काकांनी कॅमेरा पिशवीत टाकला.

घरी येऊन त्यांनी खुर्चीत तक्क्या उभा केला, त्याला आपली टोपी घातली. बटण दाबलं, लगबगीने तक्क्या बाजूला ठेवून स्वतः बसले. या वेळी चेहरा स्वच्छ आला. त्यांनी तो फोटो मुलीला पाठवला.

कॅनडाहून लगेच मेसेज आला. "मस्त, बाबा. कुणी काढला?"

काकांनी टोपी घातलेल्या तक्क्याकडे पाहिलं.

"शेजारच्या आगाशांनी," त्यांनी लिहिलं. "बसलेत अजून. चहा टाकतोय."