पेट्रोलचा वास

गाडीत पेट्रोलचा वास येतो, असं ती तीन महिने घरात सांगत होती. नवऱ्याला तो कधी आला नाही. सासूबाई म्हणाल्या, "हिचं नाकच जरा जास्त तिखट आहे." शेवटी ती एकटीच गाडी घेऊन गॅरेजमध्ये गेली. मेकॅनिकने टाकी काठोकाठ भरून आणायला लावली, मागची सीट काढली आणि वाकून पाहिलं.

"ताई, टाकीला वरच्या अंगाला चीर आहे. टाकी भरली की तिथून पाझरतं, अर्धी असली की पत्ता लागत नाही. वेळेवर आलात. आजच बदलून देतो."

ती स्टुलावर बसली, लांबून चालत आल्यासारखी.

"टाकी सावकाश बदला," ती म्हणाली. "आधी मला हे कागदावर लिहून द्या. आमचे हे उद्या मला डोक्याच्या डॉक्टरकडे नेणार आहेत."