फाटकातली स्थळपाहणी

फाटकाजवळच्या मधपेटीच्या चार पायांखाली चार वाट्या होत्या. त्यांत पाणी असलं की मुंग्यांना वर चढता येत नाही. आज तीन वाट्या कोरड्या ठणठणीत होत्या आणि चौथीचा तळ जेमतेम ओला होता. ती ओली वाटी टाळून मुंग्यांची रांग शेजारच्या पायावरून शिस्तीत वर निघाली होती. वाट्यांपासून हातभर अंतरावर पाण्याने भरलेली बादली होती. थोरलीने रांग पाहिली, बादली पाहिली, आणि काठीवर भार देत फाटकाकडे वळली. फाटकाबाहेर अख्खं कोर्ट उभं होतं.

खटला परवानगीशिवाय आत शिरण्याचा होता. थोरलीने तो सख्ख्या धाकट्या बहिणीवर भरला होता. मागे अशाच एका खटल्यात आधीचे न्यायाधीश जागेची पाहणी करायला बेधडक एका मळ्यात घुसले होते, आणि मळेवाल्याने कोबी तुडवला म्हणून त्यांच्यावरच दावा ठोकला होता. तेव्हापासून इथलं कोर्ट ताकही फुंकून पीत असे. प्रत्येकाने पुकारा करून परवानगी मागायची, मालकाने तोंडाने ‘या’ म्हणायचं, कारकुनाने ते टिपायचं.

“न्यायाधीश साहेब आत येऊ का म्हणतात,” शिपायाने पुकारलं.

“या,” थोरली म्हणाली.

मग कारकून आला, दोन्ही वकील आले, हवालदार आला. शेवटी शिपायाने स्वतःच्याच नावाचा पुकारा केला, ‘या’ ऐकेपर्यंत अदबीने थांबला आणि आत आला. बाहेर धाकटी तेवढी उरली. हात मागे बांधून, फाटकाला बोटही न लावता.

वडिलांमागे वाटणी झाली तेव्हा ती म्हणाली होती, “मधपेट्या ताईलाच राहू द्या. बोलायला कोणीतरी हवंच तिला.” थोरलीने लग्न केलं नव्हतं. चार माणसांदेखत झालेलं ते बोलणं वर्मी लागलं आणि बहिणींत अबोला पडला. पुढे कितीतरी वर्षांनी थोरलीने खिडकीतून पहाटेच्या उजेडात धाकटीला पेट्यांपाशी खाली बसलेलं पाहिलं. एकदा नव्हे, रोजच. महिनाभर ती पाहत राहिली आणि मग एके दिवशी तिने पोलीसचौकी गाठली. चोरी काही नाही, नुकसान काही नाही, हेतू माहीत नाही, अशी तक्रार झाली. कोर्टात हेतू विचारला की दोघीही पंख्याकडे बघत. तारखा पडत राहिल्या.

“आरोपी हजर नसेल तर पाहणी बाद,” धाकटीचा वकील म्हणाला.

“आणि परवानगीशिवाय आत आल्या तर दुसरा गुन्हा,” थोरलीचा वकील म्हणाला.

“बाहेर स्टूल मांडा. वरून बघतील त्या,” न्यायाधीश म्हणाले.

“मान कुंपणाच्या आत येईल, साहेब,” थोरलीचा वकील म्हणाला. “मानेपुरतं शिरलं तरी ते शिरणंच.”

“मग यांच्या माश्या रोज माझ्या अशिलाच्या कुंपणापलीकडच्या सूर्यफुलांत शिरतात, त्या काय विचारून?”

न्यायाधीशांनी कपाळ पुसलं. “माश्या हजर आहेत का?”

“एक आपल्या कॉलरवर आहे, साहेब,” हवालदार म्हणाला.

न्यायाधीश जागच्या जागी थिजले. माशीला परवानगी मिळाली होती का, हे कारकून कागदावर शोधू लागला.

“बाई,” मान न हलवता न्यायाधीश थोरलीला म्हणाले, “यांना आत घेतलंत तर पाहणी होईल, पण तुम्हीच बोलावलंत असं नोंदलं जाईल. मग खटल्यात दम राहणार नाही. नाही म्हणालात तर पुढची तारीख, ती थेट पावसाळ्यानंतरची. तुमची तक्रार नेमकी काय आहे?”

“तिने विचारलं नाही.”

“विचारलं असतं तर?”

“नाही म्हटलं असतं.”

कारकुनाने हेही टिपलं.

तेवढ्यात फाटकाबाहेरून आवाज आला. “मुंग्या लागल्यात तुला.”

सगळे वळले. “हे कोणाला उद्देशून?” कारकुनाने विचारलं.

“पेटीला,” धाकटी म्हणाली. “मी येत होते तोवर वाट्या भरलेल्या असायच्या हिच्या. आता दोन दिवसांत माश्या घर सोडून जातील.”

न्यायाधीशांनी वाट्या पाहिल्या, मग बादली. “पाणी तर इथेच आहे. बाई, तुम्ही का नाही भरत?”

थोरलीने काठी या हातातून त्या हातात घेतली. उभ्याने नळाची नळी बादलीत सोडणं तिला जमत होतं. खाली वाकणं गेल्या उन्हाळ्यापासून जमत नव्हतं. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं, धाकटीला तर नाहीच. कुंपणापलीकडून कोणी इतकं निरखून बघत असेल असं तिला वाटलं नव्हतं.

मुंग्या पेटीच्या दाराशी पोचल्या. शिपाई फाटकाशी गेला आणि त्याने घसा खाकरला. “आरोपी आत येऊ का—”

“थांबा हो,” धाकटी म्हणाली. “माझं मी विचारते.” मग तिने मागे बांधलेले हात सोडले. न्यायाधीशांच्या कॉलरवरची माशी उडून गेली.

“ताई, येऊ का आत?”

थोरली कारकुनाकडे वळली. “घ्या लिहून,” ती म्हणाली, आणि मग फाटकाकडे बघत, “ये. बादली रोज भरूनच ठेवते मी.”